नलूने माझे खांदे शेकले तेव्हा

मित्रांनो, मी गाडी आहे, पण माझ्यात बसून आजवर कुणी कुठे गेलेलं नाही. एक इंजिन, मागे तीन डबे आणि सागाच्या मोठ्या फळीवर ठोकलेले गोल पितळी रूळ, एवढाच माझा संसार. वयाने मी जुनी आणि स्वभावाने भित्री. आगगाडीने काय घाबरायचं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. फळीच्या काठाला लागून वळण घ्यायची पाळी तुमच्यावर कधी आलेली नाही, म्हणून म्हणता.

मारेगावला बबनरावांच्या घरी माझा जन्म झाला, तोही कापूस साठवायच्या खोलीत. बबनराव घरची शेती बघत आणि हंगाम लागला की सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात फिटरचं काम करत. आमच्या गावावरून रेल्वे जात नाही. पण बबनरावांची बहीण मुकुटबनला दिली होती, आणि तिच्याकडे गेले की हे गृहस्थ चहासुद्धा न घेता तिथल्या रेल्वे फाटकावर जाऊन उभे राहायचे. मालगाडी दिसेनाशी होईपर्यंत जागचे हलायचे नाहीत. त्यांच्या बायकोला, विमलताईंना, हे चांगलंच ठाऊक होतं. "बहिनीले भेटाले जाता का मालगाडीले?" असं त्या दर वेळी विचारायच्या.

शेवटी एका उन्हाळ्यात, शेतात काम नव्हतं तेव्हा, बबनरावांनी मला घडवायला घेतलं. मदतीला त्यांचा जुना मित्र जहीर होता. जहीरभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली की आतली काळी पडलेली तार उपसायची आणि तिच्या जागी नवी तांब्याची तार गुंडाळायची, हे त्यांचं रोजचं काम. दोघांनी मिळून माझं अंग तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं केलं. चाकं पितळेची, लेथवर कातून घेतलेली. डबे सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचे. आणि माझ्या पोटातली मोटर विमलताईंच्या बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरमधून काढलेली. भजनं ऐकवणारी मोटर आता डबे ओढणार म्हणून ताई काही दिवस रुसल्या होत्या.

पहिल्यांदा मला रुळांवर ठेवलं तो दिवस मला अजून आठवतो. लाकडी पेटीवर एक काळं गोल बटण होतं. ते जितकं फिरवावं तितकी मी जोरात पळणार होते. बबनराव बटणाला हात लावणार एवढ्यात विमलताई दारातून ओरडल्या, "थांबा व बाप्पा! घरात लेकरं येतात. त्या रुळाले हात लागला आन करंट बसला म्हंजे?"

जहीरभाईंनी मला उचलून बाजूला ठेवलं. त्यांनी बटण पूर्ण फिरवलं आणि आपला पंजा दोन्ही रुळांवर आडवा ठेवला.

"पहा भाभी. हा करंट मुंगीलेबी नाई लागत," ते हसत म्हणाले. "लेकराले काही नाई होनार. झालं तं या गाडीले होईन."

ताईंचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र त्याच क्षणी टांगणीला लागला, तो आजतागायत. त्यांनी हसत सांगितलेली ती गोष्ट अगदी खरी होती. माझ्यामुळे कुणाला धोका नव्हता. धोका होता तो मलाच.

पहिली वर्षं फार मानाची गेली. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मोठ्यांच्या बैलांचा पोळा झाला की लहान पोरं चाकं लावलेले लाकडी नंदी सजवतात, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि बोजारा म्हणून खाऊ मिळवतात. त्या दिवशी बबनराव मला बाहेरच्या खोलीत मांडायचे. नंदी दाराशी ठेवून पोरं आत धावायची. मी शीळ घालत नाही की धूर सोडत नाही, नुसती गोल फिरते, तरी पोरांचे डोळे माझ्या डब्यांवरून हलत नसत. पण बटण बबनराव स्वतः धरायचे. "पाहाचं. हात नाई लावाचा," हा त्यांचा नियम होता, आणि मला तो फार आवडायचा.

तो नियम मोडला ऋतिकने. हा बबनरावांच्या पुतण्याचा मुलगा, चांगला मोठा, शाळेत जाणारा. बबनराव पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात त्याने बटण एकदम शेवटपर्यंत फिरवलं. मी वळणावर रूळ सोडला आणि डब्यांसकट फरशीवर आदळले. माझं धुराडं वाकलं, एका डब्याचा कोपरा उडाला. ऋतिक पळून गेला. बबनरावांनी धुराडं ठोकून सरळ केलं, पण मला कापसाच्या खोलीतल्या कपाटात ठेवून दिलं आणि कुलूप लावलं.

कपाटात किती काळ गेला ते मला सांगता येणार नाही. अंधारात दिवस मोजता येत नाहीत. दर हंगामात खोली कापसाने छतापर्यंत भरायची, मग कापूस विकला जायचा आणि खोली रिकामी व्हायची. फटीतून रुईचे तंतू आत यायचे आणि माझ्या चाकांवर बसायचे. मी स्वतःची समजूत घालायची की बाई, इथे निदान कुणी पाडणार तरी नाही. पण खरं सांगू का, आतल्या आत मोटर आखडत चालली होती. जी गाडी कधीच चालत नाही तिला गाडी कशाला म्हणायचं, हा विचार फार वाईट असतो.

मग बबनराव म्हातारे झाले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एका दुपारी, काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं. फळी मांडली, रूळ पुसले, पण माझी चाकं काही केल्या रुळांवर बसेनात. बोटं जाड, नजर अंधूक. एक चाक बसलं की दुसरं खाली. तेव्हा शेजारी बसलेल्या त्यांच्या नातीने, नलूने, आपली इवलीशी बोटं माझ्या खाली घातली आणि टकटक करत सगळी चाकं जागेवर बसवली.

"आबाजी, मी चालवू?" तिने विचारलं.

ही मुलगी अजून अंगणवाडीत जात होती. नाक पुसायची शुद्ध नाही, आणि म्हणे गाडी चालवू! मला वाटलं, बबनराव आता आपला नियम सांगतील. पण ते नातीच्या बोटांकडे बघत होते.

"चालव," ते म्हणाले. "पन हळू."

मित्रांनो, त्या पहिल्या फेरीत मी जी घाबरले आहे! पण नलूने बटण इतकं हळू फिरवलं की मी चालायला लागले हे मलाच उशिरा कळलं. वळण आलं की ती बटण मागे घ्यायची. चार फेऱ्या झाल्या की मला थांबवायची आणि सांगायची, "आता दम घेऊ द्या तिले." बबनरावांना आधी कळेचना की हे तिला कुणी शिकवलं. मग विमलताईच म्हणाल्या, "कोन शिकोवन? बापाच्या पुढं बंडीत बसते ना ते. कासरा धरते हातात."

तेच होतं. नलूच्या बापाकडे बैलबंडी, म्हणजे बैलगाडी होती, बांड्या आणि मोऱ्या ही बैलांची जोडी होती. बंडीवर तिला पुढे बसवून बाप तिच्या हातात कासरा द्यायचा. बैलाला वळणावर घाई करायची नाही, चढावर ओढायचं नाही, दमला की थांबायचं, हे तिला अ आ इ च्या आधीच येत होतं. तिच्या लेखी मी पत्र्याचा बैल होते. थांबवताना तर ती मला चक्क बैलाला म्हणतात तसं "हो, हो" म्हणायची. एका आगगाडीला हे थोडं लागलं, पण मी मनावर घेतलं नाही.

एक दिवस बबनरावांनी जाहीर केलं की यंदाच्या तान्ह्या पोळ्याला सगळ्या पोरांसमोर नलूच गाडी चालवणार. नलूने ही बातमी गल्लीभर पसरवली. पोळा जवळ आला तसे जहीरभाई मला तपासायला आले. त्यांनी माझ्या मोटरीला कान लावला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"बबनभाऊ, मोटर म्हातारी झाली," ते म्हणाले. "चालन, पन एक ध्यानात ठेवा. चाक कुठी फसलं आन घुं घुं आवाज आला, तं पहिले बटन बंद करा. फसल्यावर करंट देत राह्यलं का तार जळते. असल्या मोटरी आता भेटत नाईत."

"आयकलं का नलू?" बबनरावांनी विचारलं.

"घुं घुं आलं का बंद," नलू म्हणाली.

त्या दिवसापासून माझं सगळं लक्ष चाकांवर. खडा येईल का, दोरा अडकेल का, एवढाच घोर. जे आलं ते मात्र माझ्या स्वप्नातही नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्यांना लोणी आणि हळद लावतात, पळसाच्या पानांनी चोळतात आणि म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बांड्या-मोऱ्याचे खांदे नलूच्या बापाने शेकले. नलू वाटी धरून उभी होती. आणि सगळे अंगणात गुंतलेले असताना तीच वाटी आणि एक पळसाचं पान घेऊन ती माझ्या खोलीत आली.

"लय डबे ओढते व तू," ती मला म्हणाली. "खांदे दुखत असन तुह्ये."

माझे खांदे म्हणजे काय, हे तिने आपल्या मनाने ठरवलं. जिथून मी ओढते ते खांदे, म्हणजे चाकं. तिने मला उलटं केलं आणि बोटाने लोणी-हळद एकेका चाकाला, दांडीला, दात्यांच्या फटीत अगदी मायेने भरली. वरून पानाने चोळलं. मग माझ्या धुराड्याजवळ तोंड आणून पुटपुटली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला काय वाटलं ते कसं सांगू? आजवर माझं कौतुक पुष्कळांनी केलं होतं. माझं अंग दुखत असेल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं. मला रडूच आलं असतं. आणि त्याच वेळी भीतीने मी गार पडले होते, कारण फळीवर गेल्या हंगामातली रुई अजून भुरभुरत होती आणि माझ्या चिकट चाकांवर ती आताच बसायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी पोळा. घरात पुरणाचा वास, बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि माझ्याकडे बघायला कुणालाही वेळ नव्हता. नलूच्या हाताला हळद दिसत होती, पण त्या दिवसात घरात कुणाच्या हाताला हळद नसते? लोण्यात रुई, रुईवर धूळ. चाकांच्या दांड्यांभोवती त्याचा घट्ट गोळा होत गेला. मी दिवसभर मनातल्या मनात ओरडत होते, अरे कुणीतरी मला एकदा उलटं करून बघा! पण गाडीला ओरडता येत नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी खोली पोरांनी गच्च भरली. दाराशी नंद्यांची रांग लागली. दोनचार बाया मोबाइल उगारून शूटिंग करत होत्या. नलू नवा फ्रॉक घालून पेटीजवळ बसली, बबनराव तिच्या शेजारी. तिने नेहमीसारखं हळूच बटण फिरवलं. मी हलले नाही. पोटातून आवाज आला, घुं.

नलूने लगेच बटण बंद केलं.

"काय झालं?" बबनराव म्हणाले.

"घुं घुं आलं, आबाजी."

"अवं, थोडा जोर लागन. दोन दिवसाची उभी आहे ते."

मागून कुणीतरी हसलं. एक पोरगा म्हणाला, "हिले नाई येत चालवता." बबनरावांचे कान लाल झाले. नात चारचौघांत हसू होते आहे, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी नलूचा हात बाजूला केला आणि बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

मित्रांनो, ते दुखणं मी कधी विसरणार नाही. सगळी वीज माझ्या पोटात शिरली आणि चाकं जागची हलेनात. आतली तार तापली. घुं घुं वाढत गेलं. जळका वास पसरला, आणि बबनराव मात्र अजून "चाल, चाल" म्हणत होते.

"आबाजी, सोडा!" नलू किंचाळली. "तिले दुखून राह्यलं!" तिने दोन्ही हातांनी त्यांची मूठ ओढून बटण मागे फिरवलं.

बबनरावांनी मला उचलून उलटं केलं. त्यांच्या बोटाला पिवळा, केसाळ चिकटा लागला.

"हे कोनं केलं?"

"मी," नलू म्हणाली. "खांदे शेकले तिचे."

बबनरावांचा पारा चढला. "तरी मी म्हनत होतो, लहान पोराच्या हातात देऊ नाई! जाळून टाकली ना गाडी! हात नोको लावू आता तिले!"

पोरं गुपचूप आपापले नंदी घेऊन निघून गेली. नलू रडली नाही. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. शेवटी विमलताईंनी तिला उचलून आत नेलं. जाता जाता त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "तिनं तं बंद केलतं."

बबनराव मला पिशवीत घालून जहीरभाईंच्या दुकानात घेऊन गेले. जहीरभाईंनी माझं पोट उघडलं, काळी पडलेली तार पाहिली आणि विचारलं, "बटन कोनं चालू ठेवलं?"

बबनराव रिकाम्या पिशवीची घडी घालत बसले. मग म्हणाले, "माह्या हातात होतं, जहीर. लेकरानं बंद केलतं. म्याच चालू केलं. आन बोललोबी तिलेच."

जहीरभाईंनी केसासारखी बारीक तार शोधून आणली आणि दुकानातल्या मोठमोठ्या पंपांच्या मोटरी बाजूला सारून माझी ती एवढीशी मोटर गुंडाळायला बसले. फार किचकट काम होतं ते. तार तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. पण एका संध्याकाळी त्यांनी वीज जोडली आणि मी फिरले.

घरी आले तेव्हा वाटलं, नलू धावत येईल. ती आली नाही. बबनरावांनी हाक मारली तेव्हा दारात येऊन उभी राहिली, हात पाठीमागे. "ये, चालव," ते म्हणाले. तिने मानेनेच नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. विमलताईंनी लाडू दाखवून पाहिला. लाडू तिने घेतला, बटण नाही घेतलं.

काय गंमत आहे पाहा. आयुष्यभर मी लहान हातांना घाबरत आले. आणि आता तोच एक लहान हात माझ्याकडे येत नव्हता, तर मला काही सुचत नव्हतं. माझी तार नवी झाली होती, चाकं धुऊन लख्ख झाली होती, आणि माझ्यापायी ही पोर कुठल्याच वस्तूला हात लावायला भिणार की काय, या काळजीने मी पोखरले जात होते.

मग एका दुपारी बबनराव तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखत होते तरी बसले.

"नलू माय," ते म्हणाले, "गाडी तुह्या लोन्यानं नाई जळली. माह्या घाईनं जळली."

नलूने विचार केला. "पन चाक तं मीच फसवलं."

"हो. चाक तुनं फसवलं. तार म्या जाळली. दोघाईचं चुकलं. पन बोलनं मातर तुले एकलीलेच बसलं, ते बरोबर नाई झालं."

बबनरावांनी मला रुळांवर ठेवायला घेतलं. बोटं जाड, नजर अंधूक. एक चाक बसलं की दुसरं खाली. नलू बघत राहिली. कशीबशी चाकं बसली आणि त्यांनी बटण फिरवलं. पण हाताला आता सवय राहिली नव्हती. मी हिसका खाऊन पुढे उडाले आणि वळणाकडे सुसाट निघाले.

"हळू, आबाजी!" नलू ओरडली. "आताच दुखन्यातून उठली ना ते!"

आणि पाठीमागचा हात पुढे आला. तिने तो आजोबांच्या हातावर ठेवला आणि बटण मागे घेतलं. मी वळणावरून सावकाश गेले. बबनरावांनी आपला हात हळूच खालून काढून घेतला. तिला ते कळलंही नाही.

हे गेल्या वर्षीचं. काल पुन्हा खांदे शेकायचा दिवस होता. नलू वाटी घेऊन आली तेव्हा माझी बोबडीच वळली, पण तिने या वेळी चाकांना नाही, माझ्या पत्र्याच्या टपावर एक पिवळा टिळा लावला. उद्या तान्हा पोळा आहे. गल्लीतल्या प्रत्येक पोराला एकेक फेरी चालवू देणार, असं तिने सांगून ठेवलं आहे. म्हणजे गूळ लागलेले हात, शेंबडाचे हात, एकदम बटण फिरवणारे हात. मी पुन्हा पडेन, नाहीतर पुन्हा जळेन. काय होईल ते सांगता येत नाही.

तरी माझं मागणं आहे ते पोरांकडे नाही, मित्रांनो. ते तुम्ही आपल्या घरच्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा. त्यांना म्हणावं, गाडी लेकरांच्या हातात द्या आणि जवळ बसा. जळका वास आला तर आधी बटण बंद करा, मग लेकराकडे बघा, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. माझी तार जळाली तर जहीरभाई नवी गुंडाळून देतात. लेकराने एकदा पाठीमागे घेतलेला हात पुढे आणून देणारं दुकान मारेगावात नाही, आणि दुसरीकडे कुठे असेल असंही मला वाटत नाही.